दिवाळीची सात ताटं

नॉटिंगहॅम,
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई आणि दाजी,
दोघांनाही सप्रेम सलाम.

फोन असताना पत्र कशाला, असं दाजी म्हणतीलच. कारण सरळ आहे. फोनवर ताई मला बोलू देत नाही. परवा मी चार वाक्यं बोलले असेन, त्यातली दोन "ऐकू येतंय का" अशी होती. कागदाला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा दाजी, तुम्ही चष्मा लावून मोठ्यानं वाचा, आणि ती "पुरे आता" म्हणाली तरी थांबू नका.

परवा ताई, तू म्हणालीस, "यंदा नाताळचं काही करणार नाही बघ. दुबईवाली येत नाही, बंगळूरवाल्याला रजा नाही. घरात एक लहान पोर नाही. कुणासाठी तळत बसू?" आणि मी तोंड उघडायच्या आत तू गुडघ्यावर आलीस. गुडघ्याचं सगळं ऐकलं मी. पण त्या "कुणासाठी"ला उत्तर द्यायचं राहून गेलं. मला उत्तरं नेहमी दोन दिवसांनी सुचतात, भांडी घासताना. हे ते उत्तर समज.

आधी माझी कबुली. गेल्या वर्षी मीही हेच केलं होतं. तुला सांगितलं नाही, चर्चचे चार फोटो पाठवले आणि गप्प बसले. लेकीला चोवीस-पंचवीसची ड्युटी होती. मुलगा सुनेच्या माहेरी स्कॉटलंडला. मी म्हटलं, बरं झालं, सुटले! माळ्यावरचं नाताळच्या चांदणीचं खोकं खाली काढलंच नाही. पंचवीसला सकाळी उपासनेला जाऊन आलो. इथे त्या दिवशी आगगाड्या धावत नाहीत, बसही जवळजवळ नाहीतच, दुकानांना कुलपं. असा सुनसान रस्ता मी मुंबईत फक्त 'बंद'च्या दिवशी पाहिलाय. घरी येऊन मुगाची खिचडी टाकली. होय, नाताळच्या दिवशी खिचडी, वर पापड. तीन वाजता टीव्हीवर राजाचं भाषण झालं, चार वाजायच्या आत काळोख पडला, आणि सहाला आमचे हे म्हणाले, "झोपायचं का?"

खिचडी चांगली झाली होती, तिला नावं ठेवणार नाही. पण रात्री ओटा पुसायला गेले तर पुसायला काही नव्हतंच. एरवी त्या रात्री माझी कंबर मोडलेली असते, सिंकमध्ये कढया पडलेल्या असतात आणि मी घरादाराला शिव्या घालत असते. शिव्या घालायला कुणी नाही याचं इतकं वाईट वाटेल, असं कधी वाटलं नव्हतं.

मग अठ्ठावीसला मुलगा आला. दारातच वर बघून विचारतो, "आई, चांदणी कुठाय?" वय एकतीस, गालभर दाढी. मी म्हटलं, "तू येणार नव्हतास ना?" तर म्हणतो कसा, "मी नसलो तरी ती असतेच ना."

असा संताप आला मला! यांना घर म्हणजे म्युझियम हवं. आपण वर्षातून एकदा यायचं, सगळं जागच्या जागी आहे की नाही ते बघायचं, आणि आई म्हणजे तिथली राखणदार, काचा पुसत बसलेली. दोन दिवस मी धुसफुसत होते. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. आणि एक दिवस कांदा चिरता चिरता आठवलं की ही गोष्ट मी याच्या बरोबर उलट्या बाजूनं आधी पाहिलेली आहे. नर्समावशीच्या खिडकीत.

तुला नर्समावशी आठवते का, असं विचारणं म्हणजे तुला भायखळा आठवतो का असं विचारणं. पण दाजींनी तिला पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. दाजी, ती आमची कुणीच नव्हती, आणि अख्ख्या चाळीची मावशी होती. मूळची संगमनेरकडची, लग्न केलं नाही, खालच्या मजल्यावर एक खोली, एक खाट, एक ट्रंक. पांढऱ्या साडीला कमरेला पट्टा. नाताळ मात्र असा करायची की चार पोरांच्या घरातही व्हायचा नाही. नोव्हेंबर संपता संपता कामट्या आणायची, पाच टोकांचा सांगाडा बांधायची, पतंगाचा लाल आणि पांढरा कागद, गव्हाच्या पिठाची खळ. आत चाळीसचा बल्ब. दरवर्षी चांदणी नवी. कालची चांदणी तिला चालत नसे. नानकटाईचं पीठ घरी मळून पातेलं डोक्यावर घेतल्यासारखं उचलून बेकरीत न्यायची, तिथे पत्र्याच्या ट्रेवर स्वतः थापायची, आणि आपला ट्रे दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून कोपऱ्यात नावाची चिठ्ठी खोचायची. ट्रे निघेपर्यंत भट्टीपासून हलायची नाही. आम्ही पोरं तिच्या मागे. वासानंच पोट भरायचं.

आणि रात्री कॅरल पार्टी यायची ती दीड-दोन वाजता. पेट्रोमॅक्स, पेटी, ढोलकी, खंजिरी. परळपासून माझगावपर्यंत घरं घेत घेत चालत आलेली माणसं, घसे बसलेले. आधी इंग्रजी चालीवरचं मराठी गाणं व्हायचं, मग म्हातारे कुणीतरी टाळ काढायचे आणि रेव्हरंड टिळकांचं भजन सुरू. बाकीच्या घरांत तोवर आया पोरांना उठवत असायच्या, मावशीच्या खोलीत मात्र आल्याचा चहा आधीच उकळलेला. त्या बिचाऱ्यांना सगळ्यात गरम चहा तिच्याकडे मिळायचा, हे चर्चमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

आम्हांला वाटायचं, हे सगळं आमच्यासाठी. दुसरं कुणासाठी असणार? दहा-बारा पोरं तिच्या खाटेवर, ट्रंकेवर, उंबऱ्यावर.

मी तिसरीत असताना चाळीत गोवर आला. ताई, तू तेव्हा मोठी, तुला आधीच येऊन गेला होता, म्हणून तू चर्चला गेलीस आणि मी घरात. आईनं आतून कडी घातलेली. चाळीतली निम्मी पोरं अशीच कोंडलेली. चोवीसच्या रात्री मला झोप येईना, मी हळूच गॅलरीत गेले आणि कठड्याच्या गजांतून खाली पाहिलं. मावशीची खिडकी उघडी होती. ट्रंकेवर तिनं तिचं ते भरतकामाचं पांढरं कापड घातलं होतं. बशीत दोन करंज्या, चार नानकट्या, कपात चहा. केसांत अबोलीचा गजरा. समोर कुणी नाही. आणि ती गात होती. मांडीवर ठेका धरून, मान हलवत, मध्येच करंजीचा तुकडा मोडून तोंडात टाकत. मी वाट बघितली की आता ती वर बघेल, डोळे पुसेल, आमची आठवण काढेल. काही नाही. दुसरं कडवं सुरू.

मला इतका राग आला की मी रडतच आत गेले. आईला सांगितलं, "मावशी आपल्याशिवायच नाताळ करतेय." आई अंगावर गोधडी ओढत म्हणाली, "मग? नाताळ काय तुझ्या बापाचा आहे?"

सकाळी आमच्या दाराशी डबा होता, तो भाग वेगळा. डबा ठेवून ती कधीच कामावर गेली होती. दर पंचवीसला ती दिवसपाळी मागून घ्यायची, ज्यांना लहान पोरं आहेत त्या नर्सेसना घरी राहता यावं म्हणून. म्हणजे तिचा स्वतःचा असा नाताळ केवढा, तर चोवीसच्या रात्रीचे ते दोन-तीन तास. तेवढ्यासाठी गजरा. माझी लेक इथे तेच करते. गेल्या वर्षी मी तिला बोलले, "तूच का दरवेळी?" तर म्हणाली, "ज्यांची मुलं लहान आहेत त्यांना सोडायला नको का?" हिनं मावशीला पाहिलेलं नाही, मी कधी फारसं सांगितलेलंही नाही. कुठून येतं हे, देवाला माहीत.

तेव्हा ताई, तुझ्या "कुणासाठी"ला माझ्याकडे आईचंच उत्तर आहे. ते तुला ऐकवायची माझी हिंमत नाही, तू थोरली आहेस. म्हणून जरा फिरवून सांगते.

आपल्या नाताळात पोरांचं नक्की काय होतं ते बघ. सांता पोरांचा. तो खरंच त्यांचा. डिसेंबरातल्या मुंबईत घामाघूम होऊन, कापसाची दाढी, पोटाला उशी बांधून जो काही सांता संडे स्कूलच्या कार्यक्रमाला यायचा, त्यात एके वर्षी दाजीच होते आणि कुणाच्या तरी पोरानं दाढी तोंडात घातली होती. ते गेलं, जाऊ दे. उशाशी लपवायच्या भेटी गेल्या, नवे फ्रॉक गेले, "आधी प्रार्थना, मग केक" हे ओरडणं गेलं. मला त्यातलं काहीएक परत नको आहे. झाडसुद्धा, खरं सांगायचं तर, पोरांसाठीच आणलं आपण. आणि ते इथेही पाहुणंच आहे. राणी व्हिक्टोरियाचा नवरा जर्मनीचा. १८४८ साली त्यांच्या राजवाड्यातल्या झाडाचं चित्र लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापून आलं आणि मग ते इथल्या सामान्य घरांतून शिरलं. आपले अमेरिकन मिशनवाले मुंबईत उतरले १८१३ साली. म्हणजे मुंबईतली आपली मंडळी इंग्रजांच्या घरच्या झाडापेक्षा वयानं मोठी. हे मी इथे चर्चमध्ये एका बाईंना ऐकवलं तेव्हा त्यांचा चहा गार झाला.

आणि गंमत पुढे आहे. हे मिशनरी आले अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडकडून. तिथल्या मॅसॅच्युसेट्समध्ये जुन्या कडक मंडळींनी १६५९ साली कायदाच केला होता की नाताळ साजरा करताना कुणी सापडला तर पाच शिलिंग दंड. तो कायदा उठला १६८१ मध्ये, पण त्या बाजूच्या चर्चांत नाताळाला थंडा प्रतिसाद पुढेही खूप वर्षं होता. म्हणजे ज्यांनी आपल्या पणज्या-खापरपणज्यांना शुभवर्तमान दिलं, त्यांच्याकडे नाताळचं फारसं काही देण्यासारखं नव्हतंच. मग करंजी कुणी आणली? शंकरपाळे, चकल्या, दारात रांगोळी, कामट्यांची चांदणी? नगरच्या आणि भायखळ्याच्या बायकांनी. त्यांनी दिवाळीत शेजारी जे बघितलं, आपल्या हाताला जे येत होतं, तेच उचललं आणि म्हणाल्या, हा आमचा सण. त्या कुणाला विचारायला गेल्या नाहीत. ह्यातलं पोरांसाठी म्हणून काय केलं गं त्यांनी? करंजी तर म्हाताऱ्यांनाच जास्त लागते, दात नसले तरी सारण खाता येतं.

इथल्या जाहिराती बघशील तर वाटेल, पोर नसलेल्या घराला नाताळ करायचा परवानाच नाही. सप्टेंबरातच दुकानांत माल येतो, आणि प्रत्येक चित्रात एक सोनेरी केसांचं पोर डोळे मोठे करून बघतंय. पन्नाशी-साठीची दोन माणसं कुठेच नाहीत. असलीच तर दार उघडायला. आणि तरी इथला जुना पदार्थ बघ, पुडिंग. त्यात पोरांचं काय आहे? बेदाणे, मनुका, ब्रँडी. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या, आधीच्या रविवारी ते कालवतात, घरातल्या प्रत्येकानं एकदा चमचा फिरवायचा आणि मनात इच्छा धरायची. मग ते उकडून महिनाभर नुसतं मुरत ठेवतात. जितकं जुनं तितकं चांगलं. पोरांना ते आवडतही नाही. गेल्या रविवारी आम्ही दोघांनीच कालवलं. ह्यांनी एवढा वेळ चमचा फिरवला की मी विचारलं, किती इच्छा आहेत? तर म्हणे, एकच आहे पण लांब आहे. (दाजी, घाबरू नका. आपल्या मिशनच्या घराची दारूला न शिवण्याची शपथ अजून मोडलेली नाही. मी बेदाणे कडक चहात भिजवते. चर्चमधल्या बायका माझ्याकडे कीव येऊन बघतात.)

आज चर्चमध्ये गव्हाण मांडली. आपल्याकडे भायखळ्याला ती कॅथलिक शेजाऱ्यांच्या घरी असायची, आपण जाऊन बघायचो. इथे आमच्या चर्चमध्येही मांडतात. मेंढपाळ, बैल, गाढव, मरिया, योसेफ, सगळे आपापल्या जागी, नजरा मधोमध, आणि मधोमध नुसतं गवत. बाळ चोवीसच्या रात्री ठेवतात. तोवर ते सेक्रेटरीबाईंच्या खणात असतं, स्टेपलर आणि पावतीपुस्तकांबरोबर. पाळकसाहेबांनी आज सांगितलं की ही पद्धत सुरू केली असिसीच्या फ्रान्सिसनं, १२२३ साली, इटलीतल्या ग्रेचो नावाच्या गावी. त्यानं खरा बैल, खरं गाढव आणि खरं गवत मागवलं. रानातून गावकरी मशाली घेऊन आले. गव्हाण मात्र रिकामीच होती. बाळ कुणी ठेवलं नव्हतं. एका माणसाला त्यात बाळ झोपलेलं दिसलं, असं त्याच्या चरित्रात लिहिलंय. बाकीच्यांनी गवतासमोरच गाणी म्हटली.

मला तेव्हा दाजींची आठवण झाली. तुम्ही संडे स्कूलला नेहमी विचारायचात, लूकच्या शुभवर्तमानात म्हातारी माणसं किती, मोजा. जखऱ्या आणि अलीशिबा, म्हातारपणापर्यंत पोर नाही. मंदिरात वाट बघत बसलेला शिमोन. आणि हन्ना. एकदा मी वर्गात हात वर करून म्हटलं, हन्ना चौऱ्याऐंशी वर्षांची, तर तुम्ही म्हणालात, ती चौऱ्याऐंशी वर्षांची होती की चौऱ्याऐंशी वर्षं विधवा होती यावर पंडितांचं भांडण आहे, बस खाली. तेव्हा मी कॉलेजात होते, मदतनीस म्हणून आले होते, आणि ताईचं तुमच्याशी ठरायचं चाललं होतं, म्हणून मी काही बोलले नाही. पण मनात ठेवलंय.

असो. आता मुद्द्यावर येते, आणि हा मुद्दा देवाधर्माचा नाही, व्यवहाराचा आहे.

ताई, दिवाळीत तुझ्याकडे किती ताटं आली? तूच सांगितलंस, सात. समोरच्यांचा चिवडा खारट होता, आठव्या मजल्यावरचे अनारसे विकतचे निघाले, आणि खालच्या गुजराती बाईंचं मोहनथाळ तू दाजींपासून लपवून ठेवलंस. मार्चअखेर ईद झाली तेव्हा शीरखुर्म्याचे दोन डबे. ती भांडी तू परत केलीस, साखर घालून केली असशील, आईचा नियम तू मोडणार नाहीस. पण साखरेनं ताट फिटतं गं, दिवाळी नाही फिटत. ही सगळी घरं डिसेंबरात आपल्या ताटाची वाट बघतात. बोलून दाखवणार नाहीत. भायखळ्याच्या चाळीत आपली आई अंथरुणाला खिळली होती त्या वर्षीसुद्धा आपल्या घरून ताटं गेली होती. ती तू तळली होतीस, एकोणीस-वीस वर्षांची असशील, अर्ध्या करंज्या तेलात फुटल्या होत्या आणि तू फुटक्या आपल्याला ठेवून सबंध लोकांना वाटल्यास. तेव्हा तू "कुणासाठी" विचारलं नाहीस. आता नवव्या मजल्यावर लिफ्ट आहे, गॅस पाइपचा आहे, आणि तू म्हणतेस घरात पोर नाही!

पाच किलोचा घाट घालू नकोस, मी तसं म्हणतच नाही. अर्धा किलो मैदा-रवा, त्यात सात ताटांपुरत्या करंज्या होतात, ताटात चार-चार. सारण तू कर, कातणं दाजींच्या हातात दे. निवृत्त बँक अधिकाऱ्याला कड सरळ कापता आली पाहिजे. तळायला खुर्ची घेऊन बस, गुडघ्याला आराम. चकल्या विकत आण. हो, आण, आई वरून बघत असली तरी आण. नानकटाई मात्र विकतची नको. बेकऱ्या आता आपलं पीठ भट्टीत घेत नाहीत म्हणतेस, तर तुझ्या त्या ओव्हनमध्ये होतं सगळं, जो सुनेनं दिला आणि ज्यात तू पोळ्यांचा डबा ठेवतेस.

झाड काढू नकोस. संडे स्कूलला देऊन टाक, तिथे पोरं आहेत. पण चांदणी लाव. क्रॉफर्ड मार्केटला जायची गरज नाही, आणि ती प्लॅस्टिकची चिनी, लुकलुकणारी तर आणूच नका, तिच्याकडे बघून डोकं दुखतं. दाजींना पतंगाचा कागद कुठे मिळतो माहीत आहे, संक्रांत जवळ आली की दुकानं भरतातच. कामट्या जमल्या नाहीत तर जुन्या आकाशकंदिलाचा सांगाडा कुणाकडेही मिळेल. खिडकीच्या ग्रिलला आतून बांधा, म्हणजे सोसायटीला हरकत घ्यायला जागा नाही.

आणि कॅरल पार्टीचं. गेल्या वर्षी ती तुमच्या गेटवरून परत गेली हे ऐकून मला झोप आली नव्हती. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नाव नाही, म्हणून वीस माणसं पेटी घेऊन रस्त्यावर उभी, आणि तुम्ही दोघं वर टीव्ही बघताय, फोन सायलेंटवर! यंदा दाजी, तुम्ही दोन दिवस आधी सेक्रेटरींना चिठ्ठी द्या आणि त्या रात्री स्वतः खाली उभे राहा. आता काही दीड-दोनला येत नाहीत ते, दहाच्या आत सगळं उरकतात. फार तर अर्धा तास उभं राहावं लागेल. मफलर घाला, मुंबईकरांना अठरा अंशांत सर्दी होते. ताई, चहा आधी उकळून ठेव. आलं ठेचून, किसून नाही.

आमचं यंदाचं ठरलंय. माळ्यावरचं खोकं काल काढलं. चांदणी कोपऱ्यात फाटली होती, ती ह्यांनी चिकटवली, वाकडी चिकटवली, तशीच लावली. पंचवीसला गुरुवार आहे. चर्चमध्ये एकट्यादुकट्या माणसांसाठी जेवण असतं, तिथे मी बटाटे सोलायला नाव दिलंय. फार पुण्याचं काम वगैरे समजू नकोस, मला घरी रोस्ट करायचा कंटाळा आहे आणि तिथला ओव्हन मोठा आहे. करंज्याही नेणार आहे. मागे एकदा तिथे एका आजोबांनी करंजीला काटा-सुरी लावली होती, सारण थेट टायवर. लेकीची ड्युटी रात्री नऊला संपते. ती येईपर्यंत आम्ही जागे राहू. ती आली नाही तरी ट्रंकेवर, म्हणजे कॉफी टेबलावर, पांढरं कापड घालणार आहे. ते भरतकामाचं कापड तुझ्याकडे आहे का गं? मावशी गेली तेव्हा तिची ट्रंक कुणी उघडली होती? मला कधी कुणी सांगितलं नाही.

तुमच्या बिल्डिंगची कॅरलची पाळी तेवीसला, रात्री नऊच्या सुमारास, असं दाजी म्हणाले होते. इथे तेव्हा दुपारचे साडेतीन, दिवेलागणीची वेळ. मी घरीच असेन. ते वर आले की मला फोन लाव, आणि काही बोलू नकोस. गुडघ्याचं नको, दुबईचं नको. नुसता फोन दारात धर.

दाजींना पुन्हा सलाम. मुलांचे फोन आले तर आमचे आशीर्वाद सांगा.

तुझी,
बेबी
(एकसष्टाव्या वर्षी बेबी, पण आता नवीन नाव कोण ठेवणार)

ता. क. मावशीच्या नानकटाईचं प्रमाण तुझ्या त्या निळ्या वहीत मागच्या पानावर आहे, धोब्याच्या हिशेबाच्या खाली. त्याचा फोटो काढून पाठव. मैद्याला तूप किती ते मला आठवत नाही. गेल्या खेपेला माझ्या पसरून पापड झाल्या होत्या.